सरांच्या नावानं निधी उभारायचाय? आधी व्याजाचं गणित मांडा

कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. लाडके सर निवृत्त होतात किंवा जातात, आणि 'सरांच्या नावानं काहीतरी करूया' असं ठरतं. आठवड्याभरात आकडे पडायला लागतात. पाच लाख, बारा लाख, बघता बघता पंचवीस. मग कुणीतरी विचारतं, की हे द्यायचे कुणाला, कसे, आणि त्यातून नेमकं होणार काय? हा लेख तिथून पुढचा आहे. अशा चार-दोन निधींची कागदपत्रं तपासून देण्याची वेळ माझ्यावर आली आहे. बहुतेक ठिकाणी पैसे भरपूर होते, कागद मात्र दीड पानाचा होता.

मूळ कल्पना साधी. मुद्दल कायमचं गुंतवायचं, त्याला हात लावायचा नाही आणि उत्पन्नातून दरवर्षी एक ठरलेलं काम करायचं. कुणी याला कायमनिधी म्हणतं, कुणी कॉर्पस, कुणी एन्डाउमेंट. केंब्रिज विद्यापीठाचं लुकेशियन अध्यासन, म्हणजे देणगीतून चालणारं प्राध्यापकपद, असंच सुरू झालं. हेन्री लुकास यांनी १६६३ च्या मृत्युपत्रात जमीन विकत घ्यायला सांगितलं होतं, वर्षाला १०० पौंड उत्पन्न देईल अशी. त्या अध्यासनावर पुढे न्यूटन बसले आणि तीनशे वर्षांनी स्टीफन हॉकिंग.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती घराघरात माहीत होती. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. मुंबई विद्यापीठातल्या विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानांची सुरुवात १८७७ मध्ये रा. गो. भांडारकरांनी केली. पुण्यातली गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून.

पायरी पहिली: व्याज किती, आणि त्यातलं खर्चायचं किती

इथे घाई करू नका. सगळा निधी याच पायरीवर तरतो किंवा बुडतो.

समजा २५ लाख जमले आणि बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले. वर्षाला १ लाख ७५ हजार व्याज. बहुतेक बॅच इथेच थांबतात आणि पावणेदोन लाखांचा कार्यक्रम आखतात. पण मुद्दल २५ लाखच राहतं आणि महागाई वाढत जाते. महागाई ५ टक्के धरली तर वीस वर्षांनी त्या पावणेदोन लाखांची किंमत आजच्या हिशेबानं जेमतेम ६६ हजार होते. तीस वर्षांनी ४० हजार, चाळीस वर्षांनी २५ हजार.

आता दुसरा रस्ता बघा. ७ टक्क्यांतले ३ खर्चायचे आणि ४ मुद्दलात परत टाकायचे. पहिल्या वर्षी हातात ७५ हजारच येतात. वीस वर्षांनी मुद्दल सुमारे ५५ लाख होतं आणि खर्चायला १ लाख ६४ हजार मिळतात, म्हणजे आजचे ६२ हजार. तीस वर्षांनी आजचे ५६ हजार, चाळीस वर्षांनी ५१ हजार.

आकडे पुन्हा वाचा. पहिली वीस वर्षं सगळं व्याज खर्चणाराच शहाणा ठरतो. त्याचा कार्यक्रम मोठा, फोटो मोठा. फरक दिसायला लागतो विसाव्या वर्षानंतर, तोवर बॅचमधले निम्मे लोक ग्रुपवर फक्त 'सुप्रभात' टाकत असतात. त्यामुळे हा निर्णय बैठकीत भावनेच्या भरात घेऊ नका, कागदावर आकडे मांडून घ्या. सरांचं नाव दहा-पंधरा वर्षं चालावं एवढंच हवं असेल, तर सगळं व्याज खर्चा किंवा मुद्दलासकट ठरावीक वर्षांत संपवा. त्यात काही गैर नाही. फक्त मग 'कायम' हा शब्द पाटीवर लिहू नका.

मोठी विद्यापीठं हाच प्रश्न मोठ्या आकड्यांत सोडवतात. हार्वर्डचा निधी जून २०२४ मध्ये ५३ अब्ज डॉलरच्या वर होता. तो एकच गल्ला नसून १४ हजारांहून जास्त वेगवेगळ्या निधींची मोट आहे. प्रत्येक निधीचे युनिट असतात, म्युच्युअल फंडासारखे, आणि सगळे एकत्र गुंतवले जातात. दरवर्षी साधारण ५ टक्क्यांच्या आसपास रक्कम खर्चाला काढतात. येलचा नियम तर अधिक हुशार आहे. यंदाच्या खर्चातला ८० टक्के भाग गेल्या वर्षीच्या खर्चावरून (महागाई जोडून) ठरतो आणि फक्त २० टक्के भाग निधीच्या ताज्या किमतीवरून. बाजार कोसळला म्हणून प्राध्यापकाचा पगार कोसळत नाही.

त्यांचे ५ टक्के बघून आपणही ५ टक्के लिहू नका. त्यांचा पैसा शेअर्स, खासगी कंपन्या, जमिनी अशा ठिकाणी असतो. आपला मुदत ठेवीत. मुदत ठेवीवर ३ टक्क्यांच्या वर खर्चलं, की मुद्दलाची किंमत झपाट्यानं झिजायला लागली असं समजा.

पायरी दुसरी: रकमेला झेपेल असं काम

३ टक्क्यांचा नियम धरून साधारण अंदाज असा. ५ लाखांच्या निधीतून वर्षाला १५ हजार मिळतात. एक पारितोषिक, पुस्तकांसाठी रोख रक्कम. सुवर्णपदकाच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेला. पदकासाठी ठेवलेला निधी असा भाव वाढला की आधी पदकाचं वजन कमी करतो आणि मग मुलामा देतो.

२५ लाखांत ७५ हजार. इथे माझं मत स्पष्ट आहे: वार्षिक व्याख्यान. चांगला वक्ता, त्याचा प्रवास, मुक्काम, मानधन आणि भाषणाची छापील पुस्तिका एवढं यात बसतं. पुस्तिका वगळू नका. गोखले संस्थेतल्या काळे स्मृती व्याख्यानमालेत १९३९ साली डॉ. आंबेडकर संघराज्याच्या प्रश्नावर बोलले. ते आज आपण वाचू शकतो, कारण ते छापलं गेलं. हॉलमध्ये टाळ्या घेऊन विरलेली व्याख्यानं कुणाच्या उपयोगाची?

५० लाखांत दीड लाख. बाहेरचा अभ्यासक पंधरवडाभर विभागात राहून शिकवून जाईल, किंवा दोन-तीन मुलांची फी निघेल.

आणि मग येतं अध्यासन, ज्यावर सगळ्यांचा डोळा असतो. पूर्ण पगारी प्राध्यापकाचं पद निधीतून चालवायचं तर हिशेब करूया. सातव्या वेतन आयोगानुसार विद्यापीठातल्या प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन १,४४,२०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्के आणि घरभाडे भत्ता ३० टक्के धरला तर महिन्याला २ लाख ६० हजारांच्या आसपास, वर्षाला ३१ लाख. ३ टक्क्यांनी एवढे काढायचे तर मुद्दल १० कोटींच्या वर हवं. वेतनवाढी, निवृत्तिवेतनाचा वाटा, कार्यालय, सहायक हे वेगळंच.

त्यामुळे भारतात बहुतेक चेअर प्रोफेसर पूर्ण निधीवर पोसलेले नसतात. आयआयटी, आयआयएससीसारख्या ठिकाणी प्राध्यापक आधीच नोकरीत असतो, पगार संस्था देते. निधी त्याला वर मानधन, संशोधनाचा खर्च आणि विद्यार्थ्यांसाठी पैसे देतो. महिना २५ हजार मानधन आणि वर्षाला ३ लाख संशोधन-खर्च, म्हणजे ६ लाख. त्याला २ कोटी लागतात. हे मोठ्या बॅचच्या आवाक्यातलं आहे, आणि मला विचाराल तर नवं पद निर्माण करण्यापेक्षा जास्त उपयोगाचंही. चांगल्या माणसाला संस्थेत टिकवून धरायला अनेकदा एवढंच पुरतं.

राज्य विद्यापीठांतल्या 'अध्यासना'ची गोष्ट निराळी. तिथे अध्यासन म्हणजे अनेकदा एक खोली, एक पाटी आणि दुसऱ्या विभागातल्या कुणा प्राध्यापकाकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार. काही अध्यासनांनी त्यातूनही उत्तम काम केलं आहे. पण देणगी देण्याआधी विचारा: माणूस पूर्णवेळ आहे का, आणि नसेल तर निधीतून त्याचे किती तास विकत घेतले जाणार?

पायरी तिसरी: पैसे नेमके कुणाच्या खात्यात

'आपलं कॉलेज' हे कायद्याच्या दृष्टीनं बहुधा अस्तित्वात नसतं. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य खासगी महाविद्यालयांची मालक एक शिक्षणसंस्था असते, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. करार तिच्याशी होतो. प्राचार्यांच्या सहीवर अडून राहू नका, ते बदलतात. संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव क्रमांक आणि तारीख मागा. सार्वजनिक विद्यापीठ असेल तर देणगी स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा असतो. कुलगुरूंनी चहाच्या कपावर 'हो' म्हटलं म्हणून धनादेश लिहू नका. कुलसचिव आणि वित्त व लेखा अधिकारी यांच्याशी मसुदा पक्का करा, तो परिषदेत मंजूर होऊ द्या, मग पैसे.

स्वतःचा वेगळा ट्रस्ट काढावा का? माझा सल्ला: नको. दरवर्षीचं ऑडिट, विवरणपत्रं, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट... ही कामं दहाव्या वर्षी कुणीही करत नाही.

पायरी चौथी: करारपत्र

सगळ्यात महत्त्वाचं कलम हे. मसुदा असा लिहून नेता येईल:

'निधीचे मुद्दल कोणत्याही कारणासाठी खर्च केले जाणार नाही, तारण ठेवले जाणार नाही, तसेच संस्थेच्या अन्य कोणत्याही खात्याला उसने दिले जाणार नाही. दर आर्थिक वर्षी, मागील तीन वर्षांच्या ३१ मार्च रोजीच्या निधीच्या सरासरी रकमेच्या ३ टक्क्यांपर्यंत रक्कम ठरलेल्या उद्दिष्टासाठी खर्च करता येईल. उरलेले सर्व व्याज मुद्दलात जमा होईल. एखाद्या वर्षी खर्च न झालेली रक्कमही मुद्दलात जमा होईल.'

'उसने' हा शब्द मुद्दाम घातला आहे. अनुदान रखडलं, पगार अडले, की संस्थेची नजर पहिल्यांदा अशाच ठेवींवर जाते. हेतू वाईट नसतो, पण परतफेडीची तारीख कुणी लिहीत नाही. तीन वर्षांची सरासरी यासाठी, की व्याजदर खालीवर झाले तरी खर्चाला झटके बसू नयेत.

दुसरं कलम उद्दिष्टाचं, आणि इथे देणगीदार हमखास जास्त लिहितात. 'आपल्या तालुक्यातील, मराठी माध्यमातून शिकलेल्या, भौतिकशास्त्रात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीस' असं लिहिलं, की तिसऱ्या वर्षी पात्र उमेदवारच सापडत नाही. अटी दोन प्रकारांत मांडा. 'आवश्यक' एकच, 'प्राधान्य' हवी तेवढी.

कलकत्ता विद्यापीठातली गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये विज्ञानशिक्षणासाठी मोठी संपत्ती दिली. अट होती, की त्यांच्या नावाच्या अध्यासनांवर भारतीयच बसेल. गोऱ्या साहेबांच्या जमान्यात ही अट म्हणजे त्या देणगीचा कणाच होता. पण भौतिकशास्त्राच्या जागेसाठी परदेशात प्रशिक्षण घेण्याचीही अट होती, आणि निवड होत होती चंद्रशेखर व्यंकट रामन यांची. ते अर्थखात्यातली भरपगारी सरकारी नोकरी सोडायला तयार होते, पण शिकायला परदेशी जायला तयार नव्हते. विद्यापीठाचे सूत्रधार आशुतोष मुखर्जी यांनी ती अट बाजूला ठेवायची वाट काढली. १९१७ मध्ये रामन पालित प्राध्यापक झाले, १९२८ मध्ये रामन परिणाम सापडला आणि १९३० मध्ये नोबेल आलं. पहिली अट निधीच्या हेतूची होती आणि दुसरी फक्त त्या काळच्या समजुतीची. तुमच्या मसुद्यातल्या अटी या दोन ढिगांत वेगळ्या करून बघा.

तिसरं कलम: विषयच बंद पडला तर? अभ्यासक्रम बदलतात, विभाग मिटतात. 'मूळ उद्दिष्ट अशक्य झाल्यास त्याच्या सर्वांत जवळच्या उद्दिष्टासाठी, निधी पाहणाऱ्या समितीच्या शिफारशीने' असं लिहून ठेवा. नाहीतर उद्दिष्ट बदलायला न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं.

चौथं, जात किंवा धर्म. 'फक्त अमुक समाजाच्या मुलांसाठी' अशी अट संस्थेची करसवलत धोक्यात आणू शकते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठीचा निधी मात्र चालतो.

आणि पद असेल तर निवडीत देणगीदाराचा हात नको. निवड समिती संस्थेची, जाहिरात, पात्रता आणि आरक्षणाचे नियम नेहमीचे. मुदत तीन किंवा पाच वर्षं, कामाचा आढावा घेऊन एकदा वाढवता येईल अशी. सरांच्या चिरंजीवांना समितीवर कायम जागा द्यायचा मोह होतो. एक वर्षाआड बोलावून सत्कार करा, समितीवर नको.

पायरी पाचवी: पैसे गोळा करताना

प्रत्येकानं थेट संस्थेच्या खात्यात भरावे. एकाच्या बचत खात्यात जमवून पुढे पाठवलं, तर पावती त्या एकाच्याच नावानं निघते. प्रत्येक देणगीसोबत सही केलेलं पत्र हवं: 'ही रक्कम अमुक नावाच्या निधीच्या कॉर्पससाठी देत आहे.' ही लेखी सूचना नसेल तर ती देणगी साधी देणगी ठरते आणि खर्चून टाकायला संस्था मोकळी होते. संस्थेनंही कॉर्पसचे पैसे मान्य प्रकारांत, त्यासाठीच वेगळे गुंतवलेले दिसायला हवेत.

देणगीवरची आयकर सवलत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०जी) जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के, तेही एकूण मर्यादेत. २ हजारांच्या वरच्या रोख देणगीला सवलत नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र (जुन्या नियमांत १०बीई) मागायला विसरू नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा फॉर्मचं आणि कलमाचं नाव सीएकडून तपासून घ्या.

बॅचमधला एखादा कंपनीत मोठ्या पदावर असतो आणि म्हणतो, 'सीएसआरमधून (कंपनीनं समाजकामावर करायच्या खर्चातून) करून टाकतो.' थांबवा त्याला. २२ जानेवारी २०२१ पासून कॉर्पसला दिलेली रक्कम सीएसआर खर्चात धरली जात नाही. कंपनी त्या वर्षीच्या शिष्यवृत्त्या किंवा उपकरणं देऊ शकते, मुद्दल नाही.

अमेरिकेतल्या मित्रांचं काय? भारतीय पासपोर्ट असेल तर तो स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गानं देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी ती परदेशी देणगी मानली जाते. मग संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यायला हवेत. काही सरकारी संस्थांना यातून सूट आहे. विचारून मगच आकडा जाहीर करा.

पायरी सहावी: गुंतवणूक

विश्वस्त संस्थांची गुंतवणूक सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ नं बांधलेली असते, मुख्यतः सरकारी रोखे आणि ठरावीक बँका. वेगळं काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांचा आदेश हवा. म्हणून '(शेअर बाजाराच्या) इंडेक्स फंडात टाका ना' हा ग्रुपवरचा सल्ला सुटसुटीत असला तरी लगेच अमलात येत नाही. ठेवी एकाच तारखेला संपणाऱ्या नकोत. पाच भाग करून एक ते पाच वर्षांच्या मुदतीत ठेवा, म्हणजे दर पडले तरी एकदम फटका बसत नाही. स्थानिक सहकारी बँक अर्धा टक्का जास्त देते म्हणून सगळं तिथे नेऊ नका. ठेव विमा एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा अडकलेल्यांत संस्थाही होत्याच.

एक शंका इथे नेहमी येते. संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करावे लागतात, मग व्याजातला निम्म्याहून जास्त भाग मुद्दलात कसा टाकणार? तो हिशेब संस्थेच्या एकूण उत्पन्नावर होतो, एकेका निधीवर नाही. मोठ्या संस्थेत प्रश्न येत नाही. एकाच निधीवर चालणाऱ्या छोट्या ट्रस्टला मात्र तो येतो, आणि वेगळा ट्रस्ट नको म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

पायरी सातवी: दरवर्षी पाच आकडे

लांबलचक अहवाल मागू नका, कुणी लिहीत नाही आणि कुणी वाचत नाही. करारातच लिहा, की ३० सप्टेंबरपर्यंत संस्था एक पान देईल. वर्षाच्या सुरुवातीचं मुद्दल, मिळालेलं व्याज, झालेला खर्च, मुद्दलात परत टाकलेली रक्कम, वर्षअखेरचं मुद्दल. सोबत ठेवपावत्यांच्या प्रती आणि यंदा कुणाला काय मिळालं याच्या चार ओळी. हे पान व्यक्तीच्या नावानं न मागता माजी विद्यार्थी संघाच्या सचिवाच्या पदावर मागा, म्हणजे पत्ता बदलला तरी पान पोहोचेल.

पहिल्या वर्षी मात्र अडचण ठरलेली. ठेव नुकतीच केलेली, व्याज हातात नाही, आणि सरांच्या वाढदिवसाला पहिलं व्याख्यान सगळ्यांना हवं. त्यासाठी मुद्दलाच्या धनादेशासोबतच पहिल्या वर्षाच्या खर्चाची रक्कम वेगळ्या पत्रानं, साधी देणगी म्हणून द्या. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती द्यायची असेल तर ही रक्कम कंपनीच्या सीएसआरमधूनही येऊ शकते, तेव्हा थांबवलेल्या त्या मित्राला आता फोन करायला हरकत नाही.